वेस्ट कोस्ट ट्रेल: आधी भरतीचं कोष्टक, मग तारीख

कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वेस्ट कोस्ट ट्रेल आहे, लांबी ७५ किलोमीटर. एवढं अंतर चार दिवसांत सहज कापू, असं डोंगरात चालायची सवय असलेल्यांना वाटतं. इथे सहा ते आठ दिवस धरावेत. उत्तरेकडच्या भागात तासाला दोन-अडीच किलोमीटर होतात. दक्षिणेकडच्या शेवटच्या वीस-बावीस किलोमीटरमध्ये तासाला एक झाला तरी बरा वेग समजायचा. कारण तिथे चालणं थोडं आणि शिड्या, मुळं, आडवे ओंडके नि गुडघाभर चिखलच जास्त.

पण वेग हा या वाटेचा खरा प्रश्नच नाही. ही वाट काही ठिकाणी जंगलातून जाते, काही ठिकाणी किनाऱ्यावरून, आणि किनाऱ्यावरचे काही टप्पे ओहोटी असेल तेवढा वेळच उघडे असतात. त्यामुळे 'रोज बारा किलोमीटर' अशी आखणी कागदावर छान दिसते आणि तिसऱ्या दिवशी कोलमडते. इथलं वेळापत्रक समुद्र ठरवतो, आणि सोयीची गोष्ट अशी की त्याचं वर्षभराचं वेळापत्रक आधीच छापलेलं असतं. ते बघायचं सोडून लोक महिनाभर सॅकची तुलना करत बसतात.

ही वाट हौशी चालणाऱ्यांसाठी आखलेलीच नव्हती. इथल्या आदिवासी राष्ट्रांच्या (म्हणजे आदिवासी समुदायांच्या) जुन्या पायवाटा, त्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेलेली टेलिग्राफची तार, आणि मग जहाजं फुटून किनाऱ्याला लागलेल्या माणसांना वाचवण्यासाठी केलेला रस्ता, असा तिचा प्रवास आहे. जानेवारी १९०६ मध्ये 'व्हॅलेन्शिया' ही बोट पचीना पॉइंटजवळ खडकावर आदळली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. कडा चढून वर आलेल्यांना पुढे जायला नीट वाट नव्हती. त्या धक्क्यातून पचीनाचं दीपगृह आणि हा बचावमार्ग उभा राहिला. इतिहास म्हणून नव्हे, पण जहाजाच्या खलाशांना जी जमीन पार करता आली नाही ती आपण हौसेनं पार करायला निघालोय, एवढं डोक्यात असावं.

तारीख कशी निवडायची

वाट १ मे ते ३० सप्टेंबर एवढेच महिने उघडी असते. रोज मर्यादित लोकांनाच सोडतात, त्यामुळे आरक्षण लागतं, आणि ते साधारण वर्षाच्या सुरुवातीला खुलं होतं. जुलै-ऑगस्टच्या तारखा पटापट संपतात. बहुतेक जण सुट्टी बघून तारीख घेतात आणि निघायच्या आठवड्यात भरतीचं कोष्टक उघडतात. हा क्रम उलटा हवा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: भरती खूप चढते, पण ओहोटीही खूप खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती: चढ कमी, उतारही कमी. किनाऱ्यावरून चालणाऱ्याला उधाणाचा आठवडा हवा, कारण सकाळी पाणी लांबवर हटतं आणि सपाट कातळ उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही पाणी दीड मीटरच्या आसपासच अडकून राहिलं, तर काही ठिकाणी जायला जेमतेम तास-दीड तास मिळतो, किंवा मिळतच नाही.

या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, पण जोड्या सारख्या नसतात. एक ओहोटी खोल, दुसरी उथळ. उन्हाळ्यात उधाणाच्या दिवसांत खोल ओहोटी सकाळी येते, हे आपलं नशीब. मात्र याची दुसरी बाजू अशी की दिवसातली मोठी भरती तेव्हा मध्यरात्रीच्या सुमारास येते. दुपारी चारला मुक्कामावर पोचलात, दुपारच्या भरतीची ओली रेघ पाहिली आणि तिच्या दोन हात वर तंबू ठोकलात, तर रात्री बाराला समुद्र आत येणार. दुपारी पाणी ३ मीटरपर्यंत आलं असेल तर रात्री पावणेचारपर्यंत येऊ शकतं. त्यामुळे रेघ बघून जागा ठरवू नका, रात्रीच्या भरतीचा आकडा वाचून ठरवा. कोरडं, पांढरं पडलेलं लाकूड आणि त्यामागे गवत सुरू होतं, ती जागा बहुधा सुरक्षित. हिरवं, ओलं शेवाळ जिथे पडलंय तिथे नाही.

कोष्टकात आणखी एक खोच आहे. वेळा प्रमाणवेळेत आहेत की उन्हाळी वेळेत, हे आधी तपासा. प्रमाणवेळ असेल तर एक तास मिळवावा लागतो. न मिळवणारा तासभर आधी पोचतो आणि खडकावर बसून राहतो. फार बिघडत नाही. घातक चूक उलटी आहे: आधीच दुरुस्त केलेल्या कोष्टकात पुन्हा एक तास मिळवणं. मग तुम्हाला वाटतं पाणी अजून उतरतंय, आणि प्रत्यक्षात ते चढायला लागलेलं असतं.

ओवेन पॉइंटचं गणित

दक्षिण टोकाकडून आठ किलोमीटरवर ओवेन पॉइंट आहे. समुद्रानं कोरलेल्या गुहा, खाली सपाट कातळ. पाणी १.८ मीटरच्या खाली असेल तरच इथून जाता येतं. एक उदाहरण घेऊ. सकाळी ८:१० ला ओहोटी ०.६ मीटर, दुपारी २:२० ला भरती ३.० मीटर. म्हणजे सहा तास दहा मिनिटांत २.४ मीटरची चढ.

पाणी एकसारखं चढत नाही. कोळी नि नावाडी वापरतात तो बारा भागांचा हिशेब इथे कामी येतो: एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. आपल्या उदाहरणात एक भाग ०.२ मीटर. साधारण सव्वानऊला पाणी ०.८, सव्वादहाला १.२, आणि सव्वाअकराला १.८. पहिल्या तासात वीस सेंटिमीटर चढलेलं पाणी तिसऱ्या तासात साठ चढतं, हे लक्षात घ्या. 'मघाशी तर एवढंसंच होतं' असं म्हणत माणसं याच तिसऱ्या तासात अडकतात.

म्हणजे सव्वाअकरापर्यंत वेळ आहे का? कागदावर आहे. पण कोष्टकातला आकडा शांत समुद्राचा असतो. हवेचा दाब उतरला की पाणी फुगतं: दर एक हेक्टोपास्कलमागे सुमारे एक सेंटिमीटर. नेहमीच्या १०१३ ऐवजी दाब ९९० असेल तर वीस-पंचवीस सेंटिमीटर फुकटात वाढले, वर किनाऱ्याकडे वाहणारा वारा आणि खुल्या पॅसिफिकची लाट वेगळी. म्हणून या दिवशी दहाच्या आत ओवेन पॉइंट मागे टाकायचा. दक्षिणेकडून येत असाल तर थ्रॅशर कोव्ह या मुक्कामापासून तिथवर मोठमोठ्या धोंड्यांवरून दीड-दोन तास लागतात, म्हणजे साडेसातला चालायला लागायचं, म्हणजे सहाला उठायचं. असं उलटं मोजत आलं की प्रत्येक दिवसाची निघायची वेळ आपोआप पडते.

वेळ चुकली तर? थ्रॅशर आणि ६६ व्या किलोमीटरच्या (किलोमीटर उत्तर टोकापासून मोजतात) दरम्यान जंगलातूनही वाट आहे. ती कंटाळवाणी, चिखलाची, मुळांची आहे, पण ती आहे. धोंड्यांच्या पट्ट्यात मध्येच पाणी चढलं तर वर जंगलात चढायला सगळीकडे जागा नसते. म्हणून निर्णय सुरुवातीलाच घ्यायचा, मध्यावर नाही.

५३ व्या किलोमीटरच्या वॉलब्रन क्रीक आणि ५६ व्या लोगन क्रीकच्या मध्ये एक घळ आहे, अॅड्रेनलिन क्रीकची. समुद्र तिच्यात जोरानं घुसतो आणि मागे ओढतो. ओल्या शेवाळलेल्या खडकावरून, पाठीवर पंधरा किलो घेऊन ती पार करायची. काही जण करतात. माझं मत सरळ आहे: जंगलातून जा. दोन तास वाचवण्यासाठी घेण्यासारखी ही जोखीम नाही, आणि पाऊस पडत असेल तर विचारही करू नका.

कोणत्या टोकाकडून

उत्तर टोक पचीना बे, बॅमफील्ड गावाजवळ. दक्षिण टोक गॉर्डन रिव्हर, पोर्ट रेन्फ्रूजवळ. पहिल्यांदा जाणाऱ्यानं उत्तरेकडून सुरू करावं. सुरुवातीचे बारा किलोमीटर जवळजवळ बैलगाडीच्या रस्त्यासारखे आहेत, सॅक सगळ्यात जड असते तेव्हा ते बरं पडतं. अवघड दक्षिण भाग येईपर्यंत अडीच-पावणेतीन किलो शिधा संपलेला असतो आणि पाय वाटेला सरावलेले असतात. दक्षिणेकडून निघालात तर पहिल्याच दिवशी, पूर्ण वजनासकट, सगळ्यात वाईट शिड्या. ज्यांना 'अवघड ते आधी उरकू' आवडतं त्यांच्यासाठी ते ठीक. पण पहिल्या दोन दिवसांत घोटा मुरगळून बाहेर पडलेल्यांच्या गोष्टी बहुतेक याच टोकाच्या असतात.

सात दिवसांची उत्तर-दक्षिण आखणी साधारण अशी बसते. पहिल्या दिवशी मिशिगन क्रीक (१२ किमी), दम असेल तर डार्लिंग (१४). दुसऱ्या दिवशी त्सुसियाट धबधबा (२५). तिसरा दिवस लांब: निटिनाट नॅरोज (३२) ओलांडून क्रिब्स क्रीकपर्यंत (४२). चौथ्या दिवशी कार्मानाचं दीपगृह आणि मग लांबच लांब पुळण तुडवत वॉलब्रन (५३). पाचव्या दिवशी फक्त नऊ किलोमीटर, पण लोगन आणि कलाइटच्या शिड्यांचे, म्हणजे पूर्ण दिवस. मुक्काम कॅम्पर क्रीक (६२). सहाव्या दिवशी ओवेन पॉइंटवरून किंवा जंगलातून थ्रॅशर (७०). सातव्या दिवशी बाहेर.

यात सहावा दिवस सकाळच्या खोल ओहोटीवर पडला पाहिजे. ओहोटी दर दिवशी सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. उत्तरेकडून येताना कॅम्परहून निघून ओवेन पॉइंटला पोचायला चार तास सहज लागतात, तेव्हा इथे ओहोटी नऊ-दहाच्या सुमाराची असली तर उत्तम. म्हणजे पहिल्या दिवशी ती पहाटे पाचच्या आसपास हवी. हे बघून पहिल्या दिवसाची तारीख ठरते, आणि ती तारीख हातात घेऊन आरक्षणाला बसायचं. शिवाय एक दिवस हातचा ठेवा, शिधासकट.

निटिनाट नॅरोज म्हणजे निटिनाट सरोवराला समुद्राशी जोडणारी चिंचोळी खाडी. भरती-ओहोटीसोबत तिच्यातून पाणी नदीसारखं धावतं, त्यामुळे पोहून जाण्याचा प्रश्नच नाही. डिटिडाट राष्ट्राचे लोक होडी चालवतात आणि ती दिवसाउजेडीच मिळते. शेवटच्या होडीची वेळ सुरुवातीच्या माहितीसत्रात विचारून घ्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या आधी तिथे पोचायचं ठेवा. तिथे खेकडा आणि सामन मासा विकत मिळतो, तेव्हा रोख पैसे जवळ असू द्या. दोन-तीन दिवस ओट्स खाल्ल्यावर त्या खेकड्याची किंमत कुणी विचारत नाही.

हा सगळा किनारा हू-आय-आट, डिटिडाट आणि पाचीडाट या राष्ट्रांचा आहे. वाटेवरच्या काही जागा त्यांच्या राखीव जमिनी आहेत, तिथे थांबायचं किंवा किनाऱ्यावर उतरायचं नसतं. नकाशावर त्या दाखवलेल्या असतात.

ओलं व्हायचंच आहे, मग

या भागात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बराच हिवाळ्यात, हे खरं. पण उन्हाळ्यातही दोन-तीन दिवस सलग झोडपू शकतो, आणि पाऊस नसेल तेव्हा धुकं असतं. ऑगस्टमधलं धुकं पावसाइतकंच भिजवतं, फक्त आवाज न करता. तापमान दहा ते अठरा अंश. गारठून मरण्याइतकी थंडी नाही असं वाटतं, आणि हीच गफलत. अंगाला गारठा भरतो तो याच तापमानात: ओले कपडे, वारा, थकवा आणि रिकामं पोट एकत्र आले की. बरोबरचा माणूस अडखळायला, पुटपुटायला, चिडचिड करायला लागला की थांबा, तंबू टाका, कोरडे कपडे आणि गोड गरम पाणी द्या.

तेव्हा सगळं कोरडं ठेवायचा हट्ट सोडून द्या. तो दुसऱ्या दिवशी दुपारीच मोडतो. सामानाचे दोन भाग करा: ओलं होणारं आणि कधीच ओलं न होणारं. दुसऱ्या भागात फक्त स्लीपिंग बॅग, झोपायचे कपडे, झोपायच्या मोज्यांची एक जोडी, लायटर आणि पहिल्या मदतीचं सामान. हे सगळं आधी वॉटरप्रूफ पिशवीत, मग सॅकच्या आत घातलेल्या जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत. झोपायचे मोजे तंबूबाहेर कधीही घालायचे नाहीत. सकाळी थंडगार ओले मोजे आणि ओली पँट पुन्हा चढवायची. पाच मिनिटं जीव जातो, चालायला लागलं की विसरतो. जो सकाळी कोरडे कपडे घालून निघतो त्याच्याकडे रात्री कोरडं काही उरत नाही.

सॅकवरचं रेनकव्हर एकट्यानं पुरत नाही. पाणी पाठीकडून, पट्ट्यांच्या बाजूनं आत झिरपतं, आणि शिड्यांवर कव्हर कुठेतरी अडकून फाटतं. आतली पिशवी महत्त्वाची. डाउनची (पिसांच्या भरावाची) स्लीपिंग बॅग हलकी असते खरी, पण ओली झाली की तिच्यात ऊब राहत नाही आणि इथल्या दमट हवेत सुकतही नाही. सिंथेटिक भरावाची घ्या, चारशे ग्रॅम जास्त गेले तरी. रेन जॅकेट कितीही महाग असलं तरी शिडी चढताना आतून घामानं भिजणारच, त्यामुळे काखेत चेन असलेलं बघा आणि जुनं असेल तर निघण्याआधी पाणीरोधक द्रव्य लावून घ्या. रेन पँट गेटर्सच्या (बुटावरून पिंढरीवर चढवायच्या आवरणांच्या) बाहेरून घाला, आत खोचू नका. नाहीतर पँटवरून ओघळलेलं पाणी गेटरमधून थेट बुटात.

बुटांवरून वाद चालत राहतील. हलक्या शूजवाले म्हणतात, पाणी लवकर निचरतं. ते बरोबर आहे. पण इथे चिखल, मुळं आणि हलणारे धोंडे आहेत आणि पाठीवर वजन आहे. घोट्यापर्यंतचे, मऊ रबरी तळव्याचे, आधीच सरावलेले बूट बरे. वॉटरप्रूफ अस्तराचा बूट वरून पाणी शिरलं की आठवडाभर सुकत नाही, हेही आधीच मान्य करून चालायचं. मुक्कामावर आणि ओढे ओलांडताना घालायला पट्ट्यांचे हलके सँडल वेगळे.

तंबू स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा हवा, कारण वाळूत खुंट्या धरत नाहीत. कापडी पिशव्यांत वाळू भरून त्या पुरायच्या, किंवा काठीला दोरी बांधून ती काठी आडवी गाडायची. तीन बाय तीन मीटरचा ताडपत्रीचा तुकडा आणि पंधरा-वीस मीटर बारीक दोरी घ्या. पावसात आधी ताडपत्री ताणायची, तिच्याखाली तंबू उभारायचा, तिच्याखालीच स्वयंपाक. आठवड्यात हिच्याइतकं सुख दुसरी कुठलीच वस्तू देत नाही.

शिड्या, पाळणे, ओढे

वाटेवर शंभराहून जास्त शिड्या आहेत, काही ठिकाणी एकावर एक जोडलेल्या. शिडीला लागण्याआधी ट्रेकिंग पोल आत बांधून टाका; मनगटाला लटकवलेला पोल पायरीत अडकतो. सॅकचे पट्टे घट्ट आवळा, वजन पाठीला चिकटलेलं हवं, नाहीतर ते मागे ओढतं. एका शिडीवर एका वेळी एकच माणूस, आणि खाली थांबणाऱ्यानं शिडीच्या रेषेतून बाजूला व्हायचं. दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात कायम टेकलेले. उतरताना शेवटची पायरी चिखलानं माखलेली असते, ती पायानं चाचपून मगच वजन टाका.

ओढा ओलांडताना नेमकं उलटं: कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा. पडलात तर सॅक झटकून टाकता आली पाहिजे. इथले ओढे लहान आणि उताराचे, त्यामुळे मुसळधार पावसात तासाभरात फुगतात आणि पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतातही. चहा करून वाट बघणं हा पर्याय इथे खरोखर चालतो. समुद्राच्या मुखाशी ओलांडायचं असेल तर ओहोटीची वेळ गाठा.

काही नद्यांवर तारेवरचे पाळणे आहेत, दोन माणसं आणि त्यांच्या सॅक बसतील एवढे. मध्यापर्यंत पाळणा आपोआप घरंगळतो, पुढचा निम्मा दोरी ओढत चढवायचा. हातमोजे नसतील तर तळहात सोलवटतात. बागकामाचे साधे रबरी मोजे पुरतात आणि शिड्यांवरही कामी येतात. केस, दोऱ्या, बोटं कप्पीपासून लांब. दुरुस्तीसाठी एखादा पाळणा किंवा पूल बंद असतो, ते माहितीसत्रात सांगतात. ते सत्र सक्तीचं आहे, आणि तिथे झोपा काढू नका.

लाकडी पायवाटा ओल्या असल्या की काचेसारख्या. फळीच्या मध्यावर नव्हे, खाली जिथे आडवं लाकूड ठोकलंय तिथे पाय टाका. कातळावर हिरवं-काळं शेवाळ टाळा. खडकाला चिकटलेल्या बार्नॅकलच्या पांढऱ्या खरखरीत कवचांवर पाय चांगला धरतो. किनाऱ्यावरचे प्रचंड ओंडके लाट आली की तरंगतात, त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये कधी उभं राहू नका.

पोट आणि पाणी

माणशी दिवसाला सहाशे ते सातशे ग्रॅम कोरडा शिधा धरा, आणि एका दिवसाचा जास्त. आठ दिवसांचे पाच-साडेपाच किलो होतात. पाण्यात टाकून पाच मिनिटांत होणारं अन्नच घ्या, कारण पावसात वीस मिनिटं शिजवत बसणं नको होतं. एक लिटर पाणी उकळायला वाऱ्या-पावसात दहा-बारा ग्रॅम गॅस जातो. दोघांना दिवसाला साडेतीन लिटर धरलं तर चाळीसेक ग्रॅम, आठ दिवसांना तीनशे वीस. साडेचारशे ग्रॅमचा एक सिलिंडर किंवा दोन लहान. शेकोटीच्या भरवशावर गॅस कमी करू नका. शेकोटी किनाऱ्यावरच, भरतीच्या रेघेखाली, वाहून आलेल्या लहान लाकडांची करायची असते, आणि तीन दिवस पाऊस लागला की ते लाकूड पेटत नाही. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नका: विषारी वायू साचतो, आणि अन्नाचा वास अस्वलाला बोलावतो.

ओढ्यांचं पाणी चहासारखं तपकिरी दिसतं. झाडपाल्यातल्या टॅनिनचा तो रंग, त्यानं काही होत नाही. पण उकळणं किंवा गाळणं सोडू नका. भरतीच्या वेळी ओढ्याच्या मुखाशी खारं पाणी मिसळलेलं असतं, थोडं वर जाऊन भरा. शिंपले-कालवं दिसली तरी खाऊ नका. त्यांच्यात साठणारं लकव्याचं विष शिजवूनही जात नाही.

काळी अस्वलं, लांडगे आणि कूगर (मोठं शिकारी रानमांजर) तिन्ही इथे आहेत. बहुतेक मुक्कामांवर अन्न ठेवायला लोखंडी पेट्या असतात. अन्न, टूथपेस्ट, साबण, कचरा, सगळं त्यात. पेटी भरली असेल तर अन्न झाडावर टांगायला ती पंधरा-वीस मीटर दोरी लागते.

वाईट दिवसाची तयारी

फोनला जवळपास कुठेच रेंज नाही. समुद्रापलीकडच्या अमेरिकेचा सिग्नल कधीतरी पकडतो, त्यावर विसंबू नका; उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या. बटण दाबलं म्हणजे बोट आली असं नसतं. लाटा मोठ्या असल्या तर बोट किनाऱ्याला लागत नाही आणि धुक्यात हेलिकॉप्टर येत नाही, एक दिवस तरी तिथेच काढायला लागू शकतो. बाहेर काढावी लागणारी माणसं मुख्यतः ओल्या लाकडावर किंवा खडकावर घसरलेली असतात. अस्वलाचं नाव उगाच होतं. म्हणून औषधांच्या डब्यात घोटा-गुडघ्याला बांधायच्या रुंद पट्ट्या आणि चांगली वेदनाशामक आधी, बाकी नंतर.

निघण्याआधीच्या संध्याकाळी समुद्राचा हवामान अंदाज बघा. या किनाऱ्याचा पट्टा 'वेस्ट कोस्ट व्हँकुव्हर आयलंड साउथ' या नावानं येतो. लाटांची उंची आणि वाऱ्याची दिशा, दोन्ही लिहून घ्या.

आणि भूकंप. २६ जानेवारी १७०० च्या रात्री या किनाऱ्यालगतची भूपट्टांची सीमा फुटली. पचीना बेमधलं गाव त्सुनामीत वाहून गेलं, ही आठवण हू-आय-आट लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगत जपली आहे. तुमची सहल जिथून सुरू होते तीच ही जागा. किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, तर इशाऱ्याची वाट न बघता, सॅक न उचलता उंचावर पळायचं. रोज मुक्कामाला पोचल्यावर वर जायची वाट कुठली ते अंधार पडण्याआधी एकदा बघून ठेवायला दोन मिनिटं लागतात.

शेवटच्या दिवशी थ्रॅशर ते गॉर्डन रिव्हर फक्त पाच किलोमीटर आहेत, पण सुरुवातच शिड्यांनी वर चढत होते आणि तीन-चार तास घेते. टोकाला नदी आहे, आणि तीही होडीनंच ओलांडायची. तिच्या फेऱ्या ठरावीक वेळी सुटतात. शेवटच्या फेरीनंतर पोचलात तर समोर, हाकेच्या अंतरावर, गाडी उभी असलेली दिसते आणि रात्र अलीकडच्या काठावर काढावी लागते. तेव्हा बसचं आरक्षण दुपारनंतरचं घ्या, आणि एका जेवणाचा शिधा त्या दिवसासाठी सॅकच्या तळाशी राहू द्या.